पायाखालचं गाव आणि वाटेवरचं गाव

माझ्या धाकट्या दिरांची कराडहून पुण्याला बदली झाली आहे. ऑफिस शिवाजीनगरला. घरात जाऊ, सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, आणि वर्षातले काही महिने सासूबाई. गेल्या रविवारी त्यांनी सात जागांची यादी पाठवली आणि विचारलं, "वहिनी, यातली सगळ्यात जवळची कुठली?" सातातल्या पाच जागांपुढे एजंटनं एकच वाक्य लिहिलं होतं : स्टेशनपासून पाच मिनिटं.

मी उलट विचारलं, "भाऊजी, जवळ कुणाला? आणि पाच मिनिटं कशानं?"

घर बघताना आपण 'जवळ' हा एकच शब्द वापरतो आणि त्यात दोन निराळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे रोजची कामं पायी उरकता येणं : दूध, भाजी, वाणी, शाळा, दवाखाना, क्लास, देऊळ, बाग. दुसरी म्हणजे नोकरीवर वेळेत पोचून उजेड आहे तोवर, निदान मुलं जागी आहेत तोवर, घरी परतता येणं. पहिली गोष्ट जिथे साधते त्या जागेला मी पायाखालचं गाव म्हणते आणि दुसरी साधते त्याला वाटेवरचं गाव. पुण्याच्या आसपास या दोन गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित मिळतात. आपण मात्र एकीची खात्री करून घेतो आणि दुसरी आपोआप असेल असं धरून चालतो.

आमचं अगदी तसंच चुकलं. साताऱ्याहून आलो तेव्हा नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून वाकडच्या पुढे एका नव्या सोसायटीत राहायला गेलो. स्कूटरवर वीस मिनिटांत ऑफिस. एकदम जवळ घर मिळालं, असं आम्ही सगळ्यांना आनंदानं सांगत होतो. साताऱ्यात सासूबाई रोज सकाळी राजवाड्यापर्यंत चालत जायच्या, येताना भाजी आणायच्या, वाटेत चार ओळखीच्या बायकांशी बोलून घरी यायच्या. इथे गेटबाहेर पाऊल टाकलं की थेट मोठा रस्ता. फुटपाथ मध्येच सुरू व्हायचा आणि मध्येच संपायचा. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी कुणीतरी गाडी काढायची. दोन महिन्यांत त्यांनी बाहेर जाण्याचं नाव काढणं सोडलं. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही, त्यामुळे काय झालंय ते आमच्या लक्षात यायला आणखी वर्ष गेलं. मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत एकटी दुकानात गेली नव्हती. एका माणसाचं ऑफिस जवळ आलं होतं आणि आम्हा तिघींचं सगळंच लांब गेलं होतं.

पुढे आम्ही चिंचवडगावात आलो. मोरया गोसावींच्या समाधी मंदिराकडे जाणारी गल्ली, चापेकर चौक, मंडई, मुलीची शाळा, सगळं चालत. नवऱ्याचा प्रवास मात्र दुपटीहून जास्त झाला आणि तो आजही तसाच आहे. हे मी लपवत नाही, कारण त्यानं ते ओझं रोज उचललं म्हणून बाकीच्यांचं हलकं झालं. पण हिशेब घालून बघा. नोकरी करणारा माणूस आठवड्याला पाच दिवस दोन फेऱ्या मारतो, म्हणजे दहा. एका मुलाच्या शाळेच्या तेवढ्याच. त्यावर क्लास, खेळ, दूध, भाजी, औषधं, आजीचं देऊळ, मैत्रिणीकडे वही आणायला जाणं. घरातल्या बहुतेक फेऱ्या ऑफिसच्या नसतातच. घर निवडताना मात्र मोजतो आपण फक्त ऑफिसच्या.

एखादं गाव पायाखालचं कशानं होतं? फुटपाथमुळे होतं असं मला पूर्वी वाटायचं. चिंचवडगावातल्या कित्येक गल्ल्यांना फुटपाथच नाही, तरी तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं निर्धास्त चालतात. कारण गल्ली अरुंद आहे, दर पन्नास-शंभर पावलांवर वळण आहे, तिथे मोटारीला वेगच घेता येत नाही. खाली दुकान आणि वर घर अशी रचना असल्यामुळे सदोदित कुणीतरी बघत असतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला तीन-चार वाटा असतात. नव्या भागात याच्या अगदी उलट असतं. प्रत्येक सोसायटीला भिंत आणि एकच गेट. आमच्या वाकडच्या घराच्या स्वयंपाकघरातून किराणा दुकानाची पाटी वाचता यायची. पण तिथे जायला आधी गेटपर्यंत, मग कंपाउंडला वळसा, मग मोठ्या रस्त्यावर दुभाजकात फट सापडेपर्यंत, आणि तितकंच परत. डोळ्यांना जे शंभर पावलांवर दिसतं ते पायांना पाऊण किलोमीटर पडतं. नकाशावर वर्तुळ काढणाऱ्याला ही भिंत दिसत नाही.

जिथे रस्ते रुंद आहेत तिथे फुटपाथ हवाच, आणि तो तपासायचं मापही ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठीची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलं आहे. म्हणजे समोरून येणारी दोन माणसं एकमेकांना अंग न चोरता ओलांडू शकतील अशी रुंदी आणि जिन्याच्या एका पायरीएवढी उंची. मोजपट्टी न्यायची गरज नाही. सासूबाईंना हात न धरता चढता आलं आणि वाटेत डीपीच्या खोक्यासाठी किंवा लावलेल्या दुचाकीसाठी रस्त्यावर उतरावं लागलं नाही, तर तो फुटपाथ चांगला.

मोठं माणूस दहा मिनिटांत सातशे-आठशे मीटर चालतं. सहा वर्षांचं मूल किंवा सत्तरीतली बाई त्याच वेळात जेमतेम चारशे-पाचशे. म्हणून 'दहा मिनिटांवर' हे घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी मोजायचं. शाळेपुरतं आणखी एक माप हाताशी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलं आहे. जाऊबाईंच्या धाकट्याला पहिलं माप लागू, थोरलीला दुसरं. दोघांची शाळा एकच असेल तर अर्थातच पहिलं.

आता वाटेवरचं गाव. इथे लोक किलोमीटर मोजतात, नाहीतर गाडीतला वेळ. खरं मोजायचं असतं ते दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर.

दिरांच्या यादीत तळेगाव होतं. मला तळेगाव मनापासून आवडतं. हवा चांगली, तळ्याकाठी फिरायला जागा, जुनं गाव अजून गावासारखं. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे आणि तळेगावहून शिवाजीनगरला साधारण पाऊण तासात सोडते. रस्त्यावर कितीही कोंडी असली तरी हा पाऊण तास फारसा बदलत नाही. पण या मार्गावर दोनच रूळ आहेत, आणि मुंबईकडच्या सगळ्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल त्यांवरूनच जातात. त्यामुळे लोकलच्या फेऱ्या वाढवायला वाव कमी. सकाळ-संध्याकाळ ठीक असतं, दुपारी गाड्या अगदी विरळ होतात. शाळेतून फोन आला, मुलाला ताप आहे, लगेच या, तर दुपारी एक वाजता शिवाजीनगरच्या फलाटावर उभ्या बापाला तळेगाव फार लांब आहे. तिथली नोकरदार माणसं गाडीच्या वेळेवर दिवस बांधतात आणि वर्षानुवर्षं आनंदानं जा-ये करतात. ज्यांच्या कामाची वेळ ठरलेली असते त्यांना ते उत्तम जमतं. माझ्या दिरांचा साहेब मात्र साडेसहाला मीटिंग लावणाऱ्यातला आहे.

मेट्रोचं गणित वेगळं. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून जिल्हा न्यायालयापर्यंतची जांभळी मार्गिका ऑगस्ट २०२३ मध्ये सलग सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत गेली. पिंपरीहून शिवाजीनगरला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचं हे, की एक गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तासाला एक असेल तर अर्धा तास, आणि तो टाळायचा म्हणून आपण घरातून लवकर निघतो आणि ऑफिसातून घड्याळाकडे बघत पळतो. गाडीतला वेळ सारखाच असला तरी दिवस सारखा राहत नाही.

एजंटची 'पाच मिनिटं' फसवतात ती इथेच, कारण वाटेवरच्या गावाचा पहिला आणि शेवटचा तुकडा पायीच असतो. 'तळेगावला लोकल आहे' हे खरं. पण तळेगावचे दोन भाग आहेत, गाव आणि स्टेशन, आणि त्यांच्यामध्ये चांगलं अंतर आहे. सोमाटणे फाट्याकडे किंवा चाकण रस्त्याला घर घेतलंत तर लोकल गाठायला आधी दुचाकी किंवा रिक्षा लागणारच. पिंपरीतही तेच. दापोडीपासून निगडीपर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता ग्रेड सेपरेटरचा आहे, मधून वेगानं जाणारी वाहनं आणि दोन्ही बाजूंना सेवा रस्ते. स्थानक ज्या बाजूला त्याच बाजूला घर असेल तर बरं. नसेल तर मेट्रो स्थानकाच्या पुलावरून पलीकडे जाता येतं का, रात्री तिथे दिवे असतात का, हे स्वतः जिना चढून बघायचं.

आणि जी मेट्रो अजून धावत नाही तिच्या भरवशावर आजचं भाडं किंवा आजचा हप्ता वाढवून घेऊ नये. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. 'मेट्रो येतेच आहे' म्हणून त्या वर्षी ज्यांनी घरं घेतली, त्यांनी पुढची कितीतरी वर्षं वाकडच्या पुलाखाली काढली. आमच्या जुन्या सोसायटीत असे शेजारी होते, म्हणून हे कळकळीनं सांगते आहे.

दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जागा मोजक्या आहेत. मध्यवर्ती पेठा पायाखालच्या होत्याच, कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं झाल्यापासून वाटेवरच्याही झाल्या. पण जुने जिने, गाडी लावायला जागा नाही आणि गणपतीचे दहा दिवस झोप नाही, हे लहान मुलांच्या घराला झेपतं का ते ज्याचं त्यानं बघावं. कोथरूडमध्ये आयडियल कॉलनी, आनंदनगर ही वनाज-रामवाडी मार्गावरची स्थानकं आहेत आणि आजूबाजूला चालायला शांत गल्ल्या आहेत. भाडं मात्र तसंच भारी. मी दिरांना आधी संत तुकारामनगर बघायला सांगितलं. जुनी वसाहत, आखीव गल्ल्या, स्वतःचं मेट्रो स्थानक, यशवंतराव चव्हाण रुग्णालय तिथेच, आणि वल्लभनगरचं एसटी स्थानक हाकेच्या अंतरावर. कराडशी नाळ तुटू द्यायची नसेल तर एसटीपर्यंत बॅग घेऊन चालत जाता येणं लहान गोष्ट नाही. जागांच्या जाहिरातींत याचा उल्लेख मला कधी दिसला नाही.

दोन गोष्टी वेगळ्या, तर त्यांची पाहणीही वेगळी करायची. एजंट रविवारी सकाळी मोटारीतून फिरवतो. त्या वेळी रस्ते रिकामे असतात, त्यामुळे दोहोंपैकी एकाचाही अंदाज येत नाही. वाटेवरचं गाव मंगळवारी तपासायचं : भावी घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत, सकाळी नऊच्या सुमाराला, आणि संध्याकाळी उलट. जिने, रांग, थांबणं, सगळं धरून. पायाखालचं गाव संध्याकाळी सातला, मुलाचा हात धरून, जमलं तर भर पावसात. शाळा सुटायच्या वेळी गणवेशातली मुलं चालत घरी जाताना दिसतात का? पारावर, बाकावर म्हातारी माणसं बसलेली असतात का? रात्री नऊनंतर औषधाचं दुकान उघडं असतं का, आणि वाटेत कुत्र्यांची टोळी असते का? फुटपाथच्या रुंदीपेक्षा या चार गोष्टी मला जास्त सांगतात.

आणि एवढं करूनही लगेच विकत घेऊ नका म्हटलं. अकरा महिन्यांचा करार करा, एक पावसाळा तिथे काढा. दोन्हीतलं एकच मिळणार असेल, तर घरात म्हातारं माणूस आणि लहान मुलं असताना मी पायाखालचं गाव घेईन. नवरा-बायको दोघंच असतील आणि दोघंही नोकरीला जात असतील, तर वाटेवरचं.

दीर आणि जाऊबाई मंगळवारी रजा काढून आले होते. सकाळची लोकल तळेगावहून करून पाहिली, संध्याकाळी शिवाजीनगरहून मेट्रोनं संत तुकारामनगरला उतरले. सासूबाईही बरोबर होत्या. स्थानकापासून एका बागेपर्यंत त्या कुणाचा हात न धरता चालल्या, बाकावर बसल्या आणि शेजारच्या बाईंना विचारलं, "इथे भाजी कुठे चांगली मिळते हो?"

यादीतली सहा नावं भाऊजींनी त्याच रात्री खोडली.