बेंझिनची कडी सपाट कशी ठरली

मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बेंझिन वेगळे केले. त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात हे पुढे कळले, पण ते एकमेकांना जोडलेले कसे, हा प्रश्न शतकभर पुरला. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी सहा कार्बनांची बंद कडी सुचवली. तीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येत होते. अडचण अशी की, तसे असते तर शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर क्लोरीन बसवल्यावर दोन वेगळी संयुगे मिळायला हवीत : एकात त्या दोन कार्बनांमध्ये एकेरी बंध, दुसऱ्यात दुहेरी. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक वेळी एकच संयुग मिळे. बंध सतत अदलाबदल करतात, असे उत्तर केकुले यांनी १८७२ मध्ये दिले. इतरांनी प्रिझमसारखी वेगळी चित्रे काढली. अभिक्रियांवरून रेणूचा आकार ओळखणे हा अखेर अंदाजच होता.

१९१२-१३ नंतर क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंच्या जागा मोजता येऊ लागल्या. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स यांनी हिऱ्याची रचना उलगडली, आणि थोरल्या ब्रॅगांना वाटू लागले की बेंझिनची कडीही हिऱ्यातल्या कार्बनांच्या कड्यांसारखी वरखाली दुमडलेली असावी. विचार तर्काला धरून होता. तो तपासून पाहिला त्यांच्याच एका विद्यार्थिनीने.

कॅथलीन यार्डली हिचा जन्म १९०३ चा, आयर्लंडमधल्या न्यूब्रिज गावचा. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. कुटुंब इंग्लंडला आल्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वरच्या गणितासाठी तिला मुलांच्या शाळेतल्या वर्गांना बसावे लागले, कारण मुलींच्या शाळेत हे विषय शिकवतच नसत. १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत ती पहिली आली आणि ब्रॅग यांनी तिला आपल्या गटात घेतले. दोनच वर्षांत तिने विल्यम ॲस्टबरी यांच्यासोबत स्फटिकांच्या २३० अवकाश-गटांची, म्हणजे स्फटिकात अणूंची मांडणी ज्या २३० प्रकारच्या सममितींत होऊ शकते त्यांची, कोष्टके तयार केली. पुढच्या पिढ्यांना लागणारी पायाभूत सामग्री एकविशीतल्या मुलीच्या हातून घडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९२७ मध्ये थॉमस लॉन्सडेल यांच्याशी लग्न करून त्या लीड्सला आल्या. तिथे सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते ख्रिस्तोफर इन्गोल्ड. त्यांनी कॅथलीनबाईंना हेक्झामेथिलबेंझिनचे स्फटिक दिले. साधे बेंझिन नेहमीच्या तापमानाला द्रव असते. त्याच्या सहाही हायड्रोजनांच्या जागी मेथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) बसवले की मात्र चांगले घट्ट स्फटिक मिळतात. या स्फटिकांचे खरे मोल आणखी एका गोष्टीत होते. फरशीवरच्या नक्षीत एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तशी स्फटिकात एकक कोष्ठिका पुन्हा पुन्हा येते. दोन बेंझिन-कड्या जोडून बनलेल्या नॅफ्थलीनच्या कोष्ठिकेत वेगवेगळ्या दिशांना कललेले दोन रेणू असतात, त्यामुळे मोजमापांचा गुंता होतो. हेक्झामेथिलबेंझिनच्या कोष्ठिकेत रेणू एकच. म्हणजे क्ष-किरणांच्या परावर्तनांत जे दिसेल, ते त्या एका रेणूच्या आकाराविषयीच बोलणार. प्रश्नाला साजेसा स्फटिक निवडणे हे या शास्त्रातले निम्मे काम आहे, असे मला वाटते, आणि इन्गोल्ड यांचा तो वाटा विसरू नये.

संगणक नव्हते, हिशेब सगळा हाताने. पण आकड्यांतून आलेले उत्तर स्वच्छ होते. स्फटिकातल्या एका विशिष्ट थरात कडीचे सहा कार्बन आणि त्यांना जोडलेले सहा मेथिल-कार्बन असे बाराही अणू एकाच पातळीत बसले होते. त्याच थरातल्या तीन वेगळ्या दिशांची प्रखर परावर्तने जवळजवळ सारखी भरली, म्हणजे कडी नियमित षटकोनी होती. कडीतल्या दोन कार्बनांमधले अंतर सुमारे १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) निघाले. हिऱ्यातला एकेरी बंध १.५४ चा, दुहेरी बंध १.३४ च्या आसपासचा. बेंझिनच्या कडीत यांपैकी कोणताच नव्हता. सहाही बंध सारखे आणि मधल्याच लांबीचे. १९२८-२९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. गुरूंची दुमडलेली कडी त्यांच्या शिष्येनेच मोडीत काढली, आणि गुरूंनी पुढेही तिची पाठराखणच केली : मुले लहान असताना घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी पैशांची व्यवस्था करून दिली. १९३१ मध्ये हेक्झाक्लोरोबेंझिनच्या, म्हणजे सहा क्लोरीन जोडलेल्या बेंझिनच्या, रचनेसाठी बाईंनी फूरिये पद्धत वापरली; परावर्तनांच्या आकड्यांवरून इलेक्ट्रॉनांची दाटी कुठे किती ते काढण्याची ही गणिती रीत.

मोजमापाने 'कशी' याचे उत्तर दिले, 'का' याचे नाही. सहाही बंध सारखे असतील तर दुहेरी बंधांसाठी धरलेले जादा इलेक्ट्रॉन असतात तरी कुठे? कॅथलीनबाई लंडनला, ब्रॅग यांच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये परतल्या तेव्हा क्ष-किरणांचे साहित्य हाताशी नव्हते, मोठा विद्युतचुंबक तेवढा होता. मग त्या चुंबकत्वाकडे वळल्या. इथे आपल्याकडचा धागा जुळतो. कोलकात्यात भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन हे बेंझिनवर्गीय स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म दिशेनुसार किती बदलतात, ते मोजत होते. १९३६ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल आणि कृष्णन यांनी या विषयावर संयुक्त निबंध लिहिला. कडीच्या पातळीला लंब दिशेने या रेणूंचा चुंबकाला होणारा विरोध फार मोठा असतो. काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधलेले नसून सगळ्या कडीभर फिरतात, असे धरले तरच तो आकडा जुळतो. आज शालेय पुस्तकांत षटकोनाच्या आत काढलेले वर्तुळ या इलेक्ट्रॉनांसाठीच आहे.

नंतरचे आयुष्यही भरगच्च होते. त्या ख्रिस्ती धर्मातल्या शांततावादी क्वेकर पंथाच्या, कट्टर युद्धविरोधी. १९४३ मध्ये नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवायला आणि त्याबद्दलचा दंड भरायला नकार दिल्याने त्यांना हॉलोवे तुरुंगात महिनाभर काढावा लागला. १९४५ मध्ये मार्जरी स्टीव्हन्सन यांच्यासह त्या रॉयल सोसायटीच्या पहिल्या स्त्री-फेलो झाल्या, १९४९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक. हिऱ्यावर त्यांनी बरेच काम केले. कार्बनच्या एका षटकोनी रूपाला 'लॉन्सडेलाइट' हे नाव त्यांच्यावरूनच पडले. उतारवयात त्या मूतखड्यांचे स्फटिक तपासू लागल्या : खडा कोणत्या रसायनाचा, त्यात थर कसे चढत गेले, हे त्यांना शोधायचे होते. १ एप्रिल १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.