बोगद्यातली दुसरी रांग

दोन रांगांचा बोगदा आहे असं समजा. दोन्ही रांगा एकाच दिशेने जाणाऱ्या आणि दोन्ही ठप्प. तुम्ही डाव्या रांगेत. दहा मिनिटांनी उजवी रांग हलू लागते. तुमची गाडी जागेवरच असते, तरी तुम्हाला बरं वाटतं. पुढचं मोकळं झालं, आता आपलाही नंबर लागणार. आणखी दहा मिनिटं जातात. उजवीकडच्या गाड्या सुसाट निघाल्यात आणि तुमची रांग तसूभरही सरकलेली नाही. आता डोक्यात येतं की पुढे कुणीतरी सेटिंग केलंय. मग एक जण स्टिअरिंग वळवून मधली रेघ ओलांडतो आणि त्याच्यामागे बाकीचे.

ही उपमा अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्ये मांडली. (मुंबईत रेघ ओलांडायला एवढी मानसिक तयारी लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) त्यांना सांगायचं होतं ते विषमतेबद्दल. दुसरा पुढे गेला म्हणून माणूस लगेच चिडत नाही. काही काळ त्याला ती स्वतःच्याच भविष्याची खूण वाटते. हा धीर किती टिकतो, ते पुढे गेलेला आपल्यातला वाटतो की परका, यावर ठरतं. भाषा, जात, धर्म यांनी रांगा आधीच वेगळ्या केलेल्या असतील तर धीर लवकर संपतो. पॉप्युलिस्ट चळवळींना पाठिंबा कुठून येतो, याचं कोडं सोडवायला हा बोगदा फार उपयोगी पडतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठी वर्तमानपत्रांत यासाठी ‘लोकानुनय’ लिहितात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे कर्जमाफी, फुकट वीज, निवडणुकीआधीच्या योजना येतात. राज्यशास्त्रात अर्थ निराळा आहे. कास मुडे या डच अभ्यासकाने २००४ मध्ये केलेली मांडणी आज सर्वाधिक वापरली जाते. तिच्यानुसार पॉप्युलिझम म्हणजे समाजाची दोनच गटांत फाळणी करून पाहणं : एकीकडे सज्जन, एकजिनसी जनता, दुसरीकडे भ्रष्ट, वरचे मूठभर लोक, आणि राजकारण म्हणजे फक्त जनतेच्या इच्छेचा उच्चार. यात पैसे वाटण्याचा उल्लेखही नाही. ही चौकट इतकी पोकळ आहे की तिच्यात डावा मजकूर भरता येतो आणि उजवाही. खलनायक म्हणून गिरणीमालक बसवा, बँका बसवा, परप्रांतीय बसवा, इंग्रजी बोलणारे तज्ज्ञ बसवा. चौकट बदलत नाही.

आता लोकांकडे वळू. पहिला समज असा की गरीब आणि कमी शिकलेले लोक याकडे ओढले जातात. युरोपातल्या ११ देशांमधल्या १५ पॉप्युलिस्ट पक्षांचे मतदार तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळीकडे लागू पडेल असा एक ठरावीक ‘पॉप्युलिस्ट मतदार’ त्यात सापडलाच नाही. बेकारी, कमी उत्पन्न, कमी शिक्षण यांपैकी एकही खूण सर्व पक्षांना लागू झाली नाही.

मग अर्थकारणाचा काहीच हात नाही का? आहे, पण तो सरळ रेषेत काम करत नाही. फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश या तीन अर्थतज्ज्ञांनी २० विकसित देशांतल्या, १८७० पासूनच्या ८०० हून अधिक निवडणुका पाहिल्या. बँका बुडण्यासारख्या वित्तीय संकटानंतर अतिउजव्या पक्षांची मतं सरासरी ३० टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे आधी १० टक्के असतील तर १३ होत होती. गंमत पुढे आहे. साध्या मंदीनंतर अशी वाढ जवळपास दिसत नाही. नोकऱ्या मंदीतही जातात, चूल तेव्हाही थंडावते. फरक एवढाच की मंदी पावसासारखी येते, आणि बँक बुडते तेव्हा ती कुणी बुडवली हे विचारता येतं. शिवाय सरकारने तीच बँक करदात्यांच्या पैशाने वाचवली, तर संताप दुप्पट होतो. नुकसान होणं पुरेसं नाही, नुकसानीला कर्ता लागतो.

हे सूत्र मनाच्या पातळीवर तपासलं गेलंय. राग आणि भीती या दोन्ही भावना संकटात उठतात, पण त्यांची जडणघडण वेगळी आहे. काय होईल सांगता येत नाही, हातात काही नाही, असं वाटलं की भीती दाटते. हे अन्यायाने झालंय, अमक्याने केलंय आणि आपण काहीतरी करू शकतो, असं वाटलं की राग येतो. स्पेनमध्ये आर्थिक संकटाच्या काळात केलेल्या पाहणीत पॉप्युलिस्ट दृष्टिकोनाशी नातं सापडलं ते रागाचं, भीतीचं नाही. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यानंतरच्या अभ्यासातही रागावलेले मतदार अतिउजव्या पक्षाकडे सरकले, घाबरलेले मागे हटले. ‘भीती दाखवून मतं घेतात’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पुरावा पाहता ते अर्धवट आहे. घाबरलेला माणूस बहुधा घरी बसतो.

राग कसा तयार होतो, याचं जवळचं उदाहरण मुंबईतच आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, मुंबई मिळाली. हर्शमनच्या भाषेत उजवी रांग हलली. आता आपलं सरकार, आपल्या नोकऱ्या, ही अपेक्षा रास्तच होती. पण १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषकांचं प्रमाण जेमतेम ४३ टक्के होतं. व्यापार आणि भांडवल प्रामुख्याने गुजराती-मारवाडी हातांत होतं. कारकून, टंकलेखक, लघुलेखक या नोकऱ्यांत इंग्रजीत तयार झालेले दक्षिण भारतीय पुढे होते. मॅट्रिक होऊन टायपिंगची परीक्षा देणाऱ्या दादर-परळच्या तरुणाची तुलना गावी राहिलेल्या चुलतभावाशी होत नव्हती, ती मुलाखतीच्या बाकावर शेजारी बसलेल्याशी होत होती. तुलना नेहमी जवळच्याशी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत हेच आढळलं होतं : हवाई दलात बढत्या भराभर मिळत, तरी तिथले सैनिक बढतीच्या पद्धतीवर जास्त नाराज, लष्करी पोलिसांत बढती दुर्मीळ, तरी तिथे नाराजी कमी. आजूबाजूचे सगळे पुढे जाताना मागे राहणं फार टोचतं.

ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांचं ‘मार्मिक’ सुरू झालं. त्यातल्या ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मुंबईतल्या कंपन्यांच्या आणि कार्यालयांच्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात. लेख नाही, युक्तिवाद नाही, नुसती नावं. मानसशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर हे फार अचूक तंत्र होतं. बेकारी ही परिस्थिती असते, तिच्यावर रागावता येत नाही, आडनावावर येतं. अमेरिकेतल्या प्रयोगांतही हेच दिसलं. एखाद्या समस्येकडे परिस्थितीचा परिणाम म्हणून न पाहता विशिष्ट व्यक्तींची करणी म्हणून पाहायला लावलं, की लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यात पॉप्युलिस्ट भाषा वाढते. सदराचं नाव पुढे ‘वाचा आणि उठा’ झालं. १९ जून १९६६ ला शिवसेनेची स्थापना झाली आणि १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिला ४२ जागा मिळाल्या.

यावरून तक्रार खोटी होती असा अर्थ काढू नये. तक्रार खरी असू शकते, अर्धी खरी असू शकते. मानसशास्त्र त्याचा निवाडा करत नाही. ते एवढंच सांगतं की खऱ्या तक्रारीलाही चळवळ व्हायला चेहरा लागतो आणि तो कुणाचा असेल हे आधी ठरलेलं नसतं. गिरणगावात त्याच चाळींमध्ये, तेवढ्याच पगारावर, आधी लाल बावटा होता आणि मालक खलनायक होता. नंतर त्याच गॅलरीतून भगवा लागला. पोटाची स्थिती फारशी बदलली नव्हती, गोष्ट सांगणारा बदलला होता. अभ्यासक याला मागणी आणि पुरवठा म्हणतात. असंतोष सुप्त असतो. तो कोणत्या दिशेला वाहील हे पाट खणणाऱ्यावर ठरतं.

इथे बरेच लेख थांबतात आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट निसटते. चळवळीला पाठिंबा देणारा प्रत्येक माणूस रागावलेला नसतो. शिवसेनेच्या शाखेत जाणारा नळाला पाणी यावं म्हणून जातो, शाळाप्रवेशासाठी जातो, हॉस्पिटलात खाट मिळावी म्हणून जातो. १९७० च्या दशकापासून शिवसेनेच्याच स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी मराठी मुलांच्या भरतीसाठी पाठपुरावा केला. ज्याला नोकरी लागली त्याच्या घरात विचारसरणीवर चर्चा होण्याची गरजच नव्हती. दुसरं कारण याहून खोल आहे : मान. नाक्यावर उभा राहणारा मुलगा शाखेत पद मिळालं की वेगळा होतो. काल ज्या पोलीस ठाण्यात त्याला हाकललं असतं तिथे आज ‘बसा’ म्हणतात. सामाजिक दर्जा घसरल्याची भावना हा पाठिंब्यामागचा एक भक्कम धागा आहे, असं नोआम गिड्रॉन आणि पीटर हॉल यांनी अनेक विकसित देशांच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये दाखवलं. उत्पन्न तेच राहूनही दर्जा घसरतो. म्हणूनच विरोधकांनी ‘अडाणी मतदार’ म्हणून केलेली टिंगल चळवळीला खतासारखी लागते. ‘ते तुम्हाला तुच्छ समजतात’ हे नेत्याने सांगितलेलं असतं, आणि ते लगेच सिद्ध होतं.

हे सगळं मोजायचं कसं? सामाजिक शास्त्रं शिकणाऱ्यांनी मुंबईत अशी पाहणी करायची म्हटली तर खाचखळगे बरेच आहेत.

सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली नेदरलँड्समध्ये तयार झाली, २०१४ मधली. उत्तरं ५ पायऱ्यांवर, पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत. ‘महत्त्वाचे निर्णय राजकारण्यांनी नव्हे तर जनतेने घ्यावेत’, ‘राजकारणातली तडजोड म्हणजे तत्त्वं विकणं’ अशी विधानं. भाषांतर करतानाच पहिला घात होतो. ‘तडजोड’च्या जागी ‘सेटिंग’ लिहिलं तर झाडून सगळे सहमत होतील आणि प्रश्न निकामी होईल. ‘अभिजन’ लिहिलं तर निम्म्यांना कळणार नाही. ‘वरचे लोक’ बरं. ‘जनता’ म्हणजे कोण, हे आधी मोकळा प्रश्न विचारून नोंदवून घ्यावं, कारण मुंबईत ‘आपण’ म्हणजे कधी मराठी माणूस असतो, कधी मुंबईकर, कधी फक्त सोसायटीचे सभासद.

दुसरा घात बेरजेत. प्रश्नावलीचे तीन भाग धरा : वरच्यांवरचा राग, निर्णय जनतेनेच घ्यावेत हा आग्रह आणि जनता एकजिनसी आहे ही समजूत. त्यांना ५, ५ आणि १ गुण देणारा आणि ४, ४, ३ देणारा, दोघांची सरासरी ३.६७. पण पहिला पॉप्युलिस्ट नाहीच. वरच्यांवर त्याचा राग आहे, जनता एकजिनसी आहे हे मात्र त्याला मान्य नाही. तिन्ही भाग एकत्र असतील तरच पॉप्युलिझम, म्हणून सरासरी न काढता सर्वांत कमी गुण धरावा, अशी सूचना जर्मन अभ्यासकांनी २०२० मध्ये केली. हिशेब तोच, निकाल वेगळा : १ आणि ३.

दर्जा मोजायला १० पायऱ्यांची शिडी दाखवावी. आज तुम्ही कोणत्या पायरीवर? तुमच्या वयाचे असताना वडील कुठे होते? मुलं कुठे असतील? एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त बोलतं.

नमुन्याचं गणित सोपं आहे, अंमलबजावणी अवघड. निव्वळ यादृच्छिक ४०० जणांत चूक अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आसपास राहते. पण ४०० मुलाखती चारच चाळींत उरकल्या तर हा हिशेब लागू होत नाही, कारण एका चाळीतली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात. दुपारी गेलात तर निवृत्त मंडळी आणि गृहिणीच भेटतील. लोकलने येणारा माणूस रात्री आठनंतर घरी असतो आणि तेव्हा तो बोलायच्या मनःस्थितीत नसतो. टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही, म्हणून श्रीमंत कमी मोजले जातात. गॅलरीत शेजाऱ्यांसमोर घेतलेली मुलाखत बाद धरलेली बरी.

सगळ्यात अवघड पेच पक्ष सत्तेत आल्यावर येतो. वरच्या प्रश्नावल्या विरोधात बसलेल्यांसाठी घडवलेल्या आहेत. आपलाच नेता खुर्चीत असताना त्याचा समर्थक ‘सरकार जनतेचं ऐकत नाही’ याला असहमत म्हणतो आणि कागदावर अगदी मवाळ दिसतो. प्रत्यक्षात त्याची चौकट तशीच असते. ‘वरचे’ म्हणजे आता न्यायाधीश, पत्रकार, सनदी अधिकारी किंवा परदेशी संस्था. अनेक देशांच्या आकडेवारीवर ही त्रुटी २०२१ मध्ये दाखवली गेली. त्यामुळे ‘राजकारणी भ्रष्ट असतात’ हे विधान वाचून दाखवल्यावर समोरच्याने ‘कोणते?’ असं विचारलं, तर ५ पायऱ्यांपैकी एखाद्या चौकटीवर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नये. तो ‘कोणते?’ समासात लिहून घ्यावा आणि मग त्यालाच विचारावं, तुम्हीच सांगा.