गाजलेल्या गाण्यावरच एवढा राग का?

गणपतीच्या दिवसांत चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही जा, त्या वर्षीचं एखादं गाणं पाठ सोडत नाही. वडापमध्ये तेच, बाजारात तेच, विसर्जनाच्या बँजोवरही तेच. सगळ्यांत जास्त नावं ठेवली जातात तीही त्याच गाण्याला आणि त्याच्या गायकाला. गाणं टुकार असेल म्हणून, असं आपण धरून चालतो. कधी तसं असतंही, पण रागाची मोठी कारणं गाण्याबाहेर आहेत.

पहिलं कारण निव्वळ हिशोबाचं आहे. समजा, कुठलंही गाणं 100 पैकी 10 जणांना आवडत नाही. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, नव्या बुवाची चाल 500 जणांनी ऐकली तर 50 नाराज होतील; तेच 10 लाखांनी ऐकलं तर 1 लाख. शिवाय डबलबारीला रात्र जागवतो तो मुळात रसिकच. ज्याला भजन नको तो घरी झोपतो. गाजलेल्या गाण्याला अशी चाळणी नसते. ते न मागता कानावर येतं, त्यामुळे नाराजांची संख्याच नव्हे, प्रमाणही वाढतं.

दुसरं कारण पुनरावृत्ती. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी शब्द, चिन्हं, चेहरे पुन्हा पुन्हा समोर आले की ते अधिक आवडू लागतात. पण ही चढण कायमची नसते. डॅनियल बर्लाइन यांनी 1971 मध्ये मांडलेल्या आलेखात आवड चढते, टोक गाठते आणि मग उतरते. साधी, चटकन ओठांवर बसणारी चाल हे टोक लवकर गाठते, गुंतागुंतीची उशिरा. गाणं गाजतं ते याच सोपेपणामुळे, आणि लवकर वीट येतो तोही त्याचमुळे.

त्यात ते बंद करणं आपल्या हातात नसतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांच्या प्रयोगांत काहींना गोंगाट थांबवायचं बटण दिलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरीही नंतरची कामं त्यांनी बटण नसलेल्यांपेक्षा नेटाने केली. थांबवता येतं एवढी खात्रीच पुरली. देवळावरच्या भोंग्याला आपल्या हाताशी बटण नसतं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: ते गाणं आणखी कोणाला आवडतं? बेथनी ब्रायसन यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या पाहणीचा अभ्यास केला. जास्त शिकलेले लोक कमी संगीतप्रकार नाकारत होते. पण जे नाकारत, ते बहुतेक कमी शिकलेल्यांच्या पसंतीचे. नापसंती ही अशी कुंपण घालते. आपल्याकडे चाकरमानी आणि गाववाले, कॉलेजची पोरं आणि जाखडी या लोकनाचातले जुने शाहीर, प्रत्येकाला आपण ‘त्यांच्यातले’ नाही हे सांगायचं असतं. म्हणून हा राग मनात राहत नाही, चारचौघांत मोठ्याने बोलला जातो. अनोळखी गायकाला नावं ठेवून काय साधणार? ऐकणाऱ्याला तो माहीतच नसतो.

हे वाडीत तपासता येईल. सहा धुना घ्या: तीन गाजलेल्या, तीन त्याच धाटणीच्या पण कमी ऐकलेल्या. बँजोवर वाजवलेल्याच घ्या, कारण आवाज ऐकला की गायक लगेच ओळखू येतो. प्रत्येकी 30 सेकंद ऐकवा आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरा मोठं वाजलेलं कानाला उगाच सरस वाटतं. पहिल्या फेरीत एकेकट्याला ऐकवून कागदावर 0 ते 10 गुण घ्या. आठवड्याने गायकाचं नाव सांगून, पण पुन्हा एकट्यालाच. तिसऱ्या फेरीत नावासह, सगळ्यांसमोर, गुण तोंडी. पहिल्या-दुसऱ्या फेरीतला फरक नावाचा, दुसऱ्या-तिसऱ्यातला सोबतीचा. मधली फेरी गाळलीत तर हे दोन्ही एकात एक मिसळतात. निम्म्या लोकांना तिन्ही फेऱ्यांत नाव न सांगता, एकट्यालाच ऐकवा आणि त्यांच्या गुणांशी ताडून पाहा, नाहीतर नुसत्या पुन्हा ऐकण्याने बदललेले गुण नावाच्या खात्यात जमा होतील. आणि प्रत्येक धुनेनंतर ‘ओळखलंत का?’ हे विचारून ठेवा: गाजलेली चाल शब्दांवाचूनही ओळखू येते, तेव्हा ते गुण वेगळे मोजावे लागतात.