डास (रोगवाहक कीटक)

द्विपंखी गणातल्या क्युलिसिडी कुलातला नाजूक कीटक. ज्ञात जाती सुमारे ३,५००. माणसाला घातक रोग देणाऱ्या त्यांतल्या थोड्याच, आणि त्याही मुख्यतः तीन प्रजातींतल्या. ॲनॉफिलीस हिवताप पसरवतो. एडिस डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका व पीतज्वर. क्युलेक्स जपानी मेंदूज्वर आणि हत्तीरोग. यांत सर्वांत जीवघेणा हिवताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये त्याने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. बहुतेक मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार मृतांपैकी तिघे पाच वर्षांखालची मुले. औषध उपलब्ध असलेल्या रोगाचे हे आकडे आहेत, हे विसरता येत नाही.

चावते ती फक्त मादी. एरवी नर-मादी दोघेही मधुरसावर जगतात. अंडी पोसण्यासाठी मादीला रक्तातली प्रथिने लागतात. तिची सोंड म्हणजे सहा अतिशय बारीक सुयांचा जुडगा. एका नळीतून लाळ आत सोडली जाते, दुसरीतून रक्त वर ओढले जाते. लाळेमुळे रक्त गोठत नाही, आणि रोगजंतूही लाळेबरोबरच आपल्या अंगात शिरतात. एकाचे रक्त मादी दुसऱ्याला टोचत नाही. म्हणूनच डास चावून एड्स होत नाही: तो विषाणू तिच्या पोटातच पचून जातो.

हिवतापाचा परजीवी मात्र पोटात टिकतो. तिथे त्याच्या नर-मादी रूपांचे मीलन होते, जठराच्या भिंतीवर पुटी (गाठीसारखी बारीक पिशवी) धरते, ती फुटते आणि हजारो सूक्ष्म बीजाणू लालाग्रंथींत जाऊन बसतात. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या याच पुटी; त्यांतल्या काळसर कणांवरून त्यांनी परजीवी ओळखला. १९०२ चे नोबेल त्यांना मिळाले. माणसाचा हिवताप ॲनॉफिलीसच वाहतो, हे १८९८ मध्ये ग्रासी व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दाखवले.

या साऱ्या वाढीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि बहुतेक माद्या तितक्या जगतच नाहीत. रोग पसरतो तो वय झालेल्या मोजक्या माद्यांकडून. त्यामुळे डास समूळ नष्ट करता आले नाहीत तरी त्यांचे आयुष्य दोन-चार दिवसांनी घटले, की प्रसार झपाट्याने खाली येतो. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आणि घरातल्या भिंतींवरची फवारणी यांचे खरे बळ यात आहे.

दिवसा चावणाऱ्या एडिससमोर मच्छरदाणी अपुरी पडते. त्याची मादी भांड्यात पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. भांडे नुसते ओतून भागत नाही. आतली कड घासावी लागते.