सोळा वर्षांखालील म्हणजे नेमके किती वर्षांचे? आशियाई कुमार फुटबॉलची पार्श्वभूमी

२०१६च्या सप्टेंबरात गोव्यात फातोर्डा आणि बांबोळी इथे आशियाई कुमार फुटबॉल स्पर्धा झाली. आपल्याकडे सगळ्यांनी तिला ‘१६ वर्षांखालील’ स्पर्धा म्हटलं. ती सुरू झाली त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या कित्येक मुलांचा सोळावा वाढदिवस होऊन सहा-आठ महिने उलटले होते. यात फसवणूक कुणाचीच नव्हती, नियमच तसा होता. या स्पर्धेचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी हा ‘खालील’ शब्द सोडवून घ्यावा लागतो.

फुटबॉलमध्ये वय मोजतात ते जन्मवर्षावरून. २०१६च्या स्पर्धेसाठी अट होती १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म. म्हणजे त्या वर्षात सोळा पूर्ण करणारा मुलगा चालतो, सतरा पूर्ण करणारा चालत नाही. ३१ डिसेंबर १९९९ला रात्री जन्मलेला मुलगा बाद आणि काही तासांनी, नव्या वर्षात जन्मलेला पात्र. मराठीत ‘खालील’ म्हटलं की सोळाच्या आतला, असंच आपण समजतो. खरं तर इथे ‘सोळापर्यंतचा’ म्हणायला हवं. आता तो शब्द रुळलाय, बदलणं कठीण आहे.

पुढचा गुंता नावाचा. १९८५ साली कतारमध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती सोळाची होती, कारण त्याच वर्षी चीनमध्ये सुरू झालेली जागतिक स्पर्धाही सोळाचीच होती. १९९१पासून जागतिक स्पर्धा सतराची झाली. आशियाई स्पर्धा मात्र तिच्या आदल्या वर्षी व्हायची, त्यामुळे तीच मुलं आशियात खेळताना सोळाची आणि विश्वचषकात सतराची. मग आशियाई स्पर्धेला नाव कुठलं द्यायचं? २००४ आणि २००६ साली ती ‘१७ वर्षांखालील’ म्हणून खेळवली गेली, २००८ला ताश्कंदमध्ये पुन्हा ‘१६ वर्षांखालील’. मुलांचं वय तेच राहिलं. एकदा नाव पुढच्या वर्षीच्या विश्वचषकावरून दिलं गेलं, एकदा चालू वर्षावरून. २०२३ला थायलंडमध्ये नाव परत ‘१७’ झालं, पण या वेळी वयही खरोखर वाढलं, कारण स्पर्धा विश्वचषकाच्याच वर्षात आणली गेली. जुने निकाल चाळताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर एकच स्पर्धा दोन वेगळ्या स्पर्धा वाटू लागते. दक्षिण आशियाई कुमार स्पर्धेत तर याहून गोंधळ आहे. २०११ला काठमांडूत सोळा, २०१७ला पंधरा, २०२२ला कोलंबोत सतरा, २०२३ला थिंफूत पुन्हा सोळा. विजेतेपदं मोजताना या सगळ्यांची एकच बेरीज केली जाते.

वयाबद्दल एवढी काटेकोर भाषा का, याचं उत्तर जुन्या काळात आहे. १९८८ची आशियाई स्पर्धा सौदी अरेबियाने जिंकली आणि पुढच्या वर्षी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर यजमान स्कॉटलंडला पेनल्टींवर हरवून जगज्जेतेपदही मिळवलं. सौदी मुलांच्या वयाबद्दल स्कॉटलंडमध्ये तेव्हा उघड शंका घेतल्या गेल्या. त्या सिद्ध झाल्या नाहीत, तरी त्या विजयाचा विषय निघाला की आजही त्या निघतात. कागदावरच्या जन्मतारखेवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि जिथे जन्माची नोंद उशिरा होते अशा देशांत तो ठेवणंही अवघड होतं.

२००९च्या कुमार विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय आला. कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढत्या वयात कूर्चेची एक पट्टी असते. वाढ संपत आली की ती हाडात मिसळते. एमआरआयमध्ये ती पूर्ण मिसळलेली दिसली, तर मुलगा सतराच्या पुढचा असण्याची शक्यता फार मोठी. एक्स-रेमध्येही हे दिसतं, पण निरोगी मुलांना विनाकारण किरणोत्सर्ग नको म्हणून एमआरआय. आशियातही हीच तपासणी रूढ झाली. माझं मत विचाराल तर जन्मदाखल्यापेक्षा ही पद्धत न्याय्य आहे. तरी एखादा खरोखर सोळाचा मुलगा लवकर वाढलेला असतो. त्याचं मनगट त्याच्या विरोधात साक्ष देतं आणि त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

भारताची या स्पर्धेतली वाट खडतर राहिली आहे. २००२ला उपांत्यपूर्व फेरी, मग कधी पात्रता फेरीत, कधी मुख्य स्पर्धेच्या गट साखळीत अडखळणं. गोव्यात यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला. संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ हार, सौदीशी ३-३ बरोबरी, इराणकडून ०-३. गटातच खेळ संपला. फातोर्डावर अंतिम सामन्यात इराकने इराणला पेनल्टींवर ४-३ हरवलं. त्याच जन्मवर्षाच्या मुलांमधून २०१७च्या विश्वचषकाचा भारतीय संघ उभा राहिला आणि दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला मणिपूरच्या एका मुलाने कॉर्नरवर हेडर मारून भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली, तरी तो क्षण पाहिलेला माणूस विसरत नाही.

खरी संधी २०१८ला मलेशियात होती. व्हिएतनामवर १-० विजय, इराण आणि इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी. इराणविरुद्ध गोलरक्षकाने पेनल्टी अडवली. गट साखळीत एकही गोल न खाता संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर दक्षिण कोरिया, आणि जिंकणारा थेट विश्वचषकात. ६७ मिनिटं जाळं कोरं राहिलं. मग एक गोल, आणि ०-१. यजमानपदाच्या कुबडीशिवाय विश्वचषक गाठण्याच्या इतक्या जवळ त्याआधी भारताचा एकही कुमार संघ गेला नव्हता.

त्यानंतरच्या तुकडीवर मात्र अन्याय झाला, असं मी स्पष्ट म्हणेन. २००४मध्ये आणि त्यानंतर जन्मलेली ही मुलं. २०१९च्या सप्टेंबरात ताश्कंदला पात्रता फेरीत त्यांनी तुर्कमेनिस्तान आणि बहरीन या दोघांनाही ५-० असं हरवलं, यजमान उझबेकिस्तानला १-१ रोखलं आणि गटात पहिले आले. मुख्य स्पर्धा २०२०ला बहरीनमध्ये होती. कोरोनामुळे ती आधी लांबली, पुन्हा लांबली आणि जानेवारी २०२१मध्ये रद्द झाली. २०२१चा विश्वचषक त्याआधीच रद्द झाला होता. मोठ्यांच्या स्पर्धा वर्षभर पुढे ढकलून खेळवल्या गेल्या, कारण मोठ्यांना वयाची अट नसते. या मुलांसाठी एक पर्याय होता: जन्मवर्षाची अट तीच ठेवून स्पर्धा उशिरा खेळवायची. तो घेतला गेला नाही. प्रवासबंदी, विलगीकरण, पुढच्या स्पर्धांचं वेळापत्रक ही कारणं खोटी नव्हती. पण पुढच्या स्पर्धेची अट १ जानेवारी २००६ लागली आणि २००४-०५च्या मुलांसाठी दार कायमचं बंद झालं.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. स्पर्धा दोन वर्षांनी एकदा, म्हणून अट नेहमी सम वर्षाची: २०००, २००२, २००४, २००६, २००८. विषम वर्षात जन्मलेल्या मुलाला कायम आपल्यापेक्षा वर्षभर मोठ्यांशी झुंजावं लागे, आणि त्या वयात एका वर्षात खांदे, उंची, वेग सगळं बदलतं. २०२५पासून कुमार विश्वचषक ४८ संघांचा आणि दरवर्षीचा झाला, त्याबरोबर आशियाई स्पर्धाही दरवर्षीची. २०२६च्या स्पर्धेची अट १ जानेवारी २००९ आहे. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत, नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस अहमदाबादला भारताने इराणला २-१ हरवून सौदी अरेबियाचं तिकीट मिळवलं. त्या संघातली २००९ची मुलं या वेळी वयोगटातली सर्वांत मोठी होती.