गुग्गुळ आणि कोलेस्टेरॉल: पार्श्वभूमी

निखाऱ्यावर टाकायचा धूप म्हणून गुग्गुळ घरोघरी माहीत आहे. लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट बिघडला की त्याच्याच गोळ्या कोणीतरी हमखास सुचवतं. औषध म्हणून तो जुनाच. कोलेस्टेरॉलशी त्याचं नाव जोडलं गेलं ते मात्र विसाव्या शतकात.

१९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी डॉक्टरेटसाठी सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं, म्हणजे चरबी वाढून होणाऱ्या रोगाचं, वर्णन तपासलं. मेद वाढतो, स्रोतसं म्हणजे शरीरातले वाहणारे मार्ग अडतात, पुढे आजार जडतात, ही साखळी त्यांना रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याशी जुळती वाटली. कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांना गुग्गुळ दिल्यावर रक्तातली चरबी उतरली. मग लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाच्या डिंकातून ‘गुगुलिपिड’ हा अर्क काढला आणि १९८६ मध्ये त्याच्या विक्रीला भारतात परवानगी मिळाली.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की यातलं गुगुलस्टेरॉन हे द्रव्य एफएक्सआर या ग्राहकाला, म्हणजे पेशीतल्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, अडवतं. यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं किती बनावीत, यावर या ग्राहकाचा ताबा असतो. ज्या उंदरांमध्ये हा ग्राहकच नव्हता, त्यांच्यावर औषध चाललं नाही. कोडं सुटलंसं वाटलं, पण वर्षभरातच फिलाडेल्फियातल्या चाचणीचा निकाल आला. १०३ जणांवर, आठ आठवडे. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चार-पाच टक्क्यांनी चक्क वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. भारतातल्या आधीच्या चाचण्यांत ते घटलं होतं. आहार वेगळा म्हणून की शरीरं वेगळी म्हणून, यावर वाद झाले.

मला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. ग्रंथांनी नवा गुग्गुळ बृंहण म्हणजे अंग भरणारा सांगितला आहे आणि जुना लेखन, म्हणजे मेद खरवडणारा. शिवाय वैद्य तो त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात शुद्ध करून घेतात. रासायनिक द्रावकाने काढलेल्या अर्काला मेदोरोगाच्या श्लोकाचा दाखला देणं म्हणूनच जरा सैल वाटतं. अर्थात, शुद्ध केलेला जुना गुग्गुळ एलडीएल उतरवतो, हेही त्यातून सिद्ध होत नाही.

दरम्यान मागणी वाढली. कच्छ-राजस्थानच्या रखरखीत भागातलं गुग्गुळाचं हे सावकाश वाढणारं झुडूप डिंकासाठी खोल चिरा देऊन पिळलं गेलं आणि आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. गुगुलिपिडमुळे प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं रक्तात कमी उतरतात, हेही प्रयोगात दिसलं आहे. ती चालू असणाऱ्यांनी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.