कलादेवता आणि त्यांचे मर्त्य प्रतिस्पर्धी (ग्रीक-रोमन पुराणकथा)

गायन, वादन, विणकाम अशा कलांच्या अधिष्ठात्री देवतांना मर्त्य कलावंतांनी आव्हान दिल्याच्या कथा ग्रीक-रोमन पुराणांत अनेक आहेत. शिक्षा बहुतेक ठरलेलीच असते. निकाल कसा लागतो, हे मात्र प्रत्येक कथेत वेगळे आहे आणि खरी गोम तिथेच आहे.

ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गातला थ्रेसचा गायक थामिरिस प्रत्यक्ष म्यूझ (काव्य-गायनादी कलांच्या देवता) गायल्या तरी आपणच जिंकू, अशी बढाई मारतो. म्यूझ त्याला डोरियन येथे गाठून अपंग करतात, त्याचे गाणे हिरावून घेतात आणि वादनाचाही विसर पाडतात. स्पर्धा झाल्याचे होमर सांगतच नाही.

रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’ या काव्यामध्ये (इ. स. ८ च्या सुमारास) पायेरसच्या नऊ मुली नऊ म्यूझना आव्हान देतात. अप्सरा पंच असतात. म्यूझतर्फे त्यांच्यातली कॅलिओपी गाते, मुली हरतात आणि निकाल न मानल्यामुळे मॅग्पाय पक्षी होतात. पण ही हकिगत मिनर्व्हाला (ग्रीक अथीना) सांगते ती एक म्यूझच. म्हणजे विजेत्या पक्षाची साक्ष.

ती ऐकूनच मिनर्व्हा अरॅक्नीकडे वळते. लिडियातल्या या मुलीचा बाप इडमन लोकर जांभळी रंगवणारा. घराणे साधे, नाव झाले ते केवळ हातातल्या कसबामुळे. दोघी माग मांडतात. देवी अथेन्सच्या मालकीसाठी समुद्रदेव नेपच्यूनशी झालेला आपला वाद विणते, चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्या माणसांची दुर्दशा आणि काठाला ऑलिव्हच्या फांद्या. अरॅक्नी विणते देवांनी वेषांतर करून स्त्रियांची केलेली फसवणूक: बैलरूपी देवराज जुपिटरच्या पाठीवरून पळवली जाणारी युरोपा पाय ओले होतील म्हणून वर घेते आणि मागे सुटलेल्या किनाऱ्याकडे पाहते.

त्या कापडात मिनर्व्हाला खोट काढता येत नाही, असे ऑव्हिड स्पष्ट लिहितो. म्हणजे अरॅक्नी विणकामात हरलेली नाही. देवी कापड फाडते, हातातला धोटा अरॅक्नीच्या कपाळावर तीन-चार वेळा हाणते. अपमान सहन न होऊन अरॅक्नी गळफास घेते, तेव्हा देवी तिला जाळे विणणारा कोळी करून जगवते. कोळी, विंचू यांच्या वर्गाचे ‘अ‍ॅरॅक्निडा’ हे शास्त्रीय नाव कोळ्यासाठीच्या ‘अरॅक्नी’ याच ग्रीक शब्दावरून आले.

स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसने सुमारे १६५५–६० मध्ये ही कथा रंगवली. चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात अरॅक्नीचे विणकाम म्हणून मागच्या भिंतीवर त्याने इटालियन चित्रकार टिशनचे ‘युरोपा’ हे चित्र दाखवले आहे.